सहा सेकंद

माझ्या खोलीच्या दारावर लागलेली पाटी तीन ओळींची होती. समता, सुगम्यता, मानवी हक्क आणि त्याखाली बारीक अक्षरांत माझं पद. पाटी बसवायला आलेला माणूस शिडीवरून उतरला, दोन पावलं मागे सरून त्यानं ती सावकाश वाचली आणि विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे नक्की कोणतं खातं?" उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. रस्ते रस्ते विभागाकडे, बागा उद्यान विभागाकडे, नोकरभरती आस्थापनेकडे, पैसा लेखा विभागाकडे. माझ्याकडे एक टेबल, चार सहकारी आणि कुणाच्याही फाईलवर अभिप्राय देण्याचा अधिकार. "सगळीच थोडी थोडी," मी म्हटलं. "असं होय," म्हणत त्यानं शिडी खांद्यावर टाकली. त्याला खरं काय ते कळलं होतं.

त्या अधिकाराबद्दल आधी सांगते. फाईल माझ्याकडे येते ती जवळजवळ सगळ्यांच्या शेवटी. नकाशा मंजूर, खर्चाचा अंदाज मंजूर, निविदेचा मसुदा तयार, आणि मग कुणाला तरी आठवतं, की अरे, समतेचा अभिप्राय राहिलाच! पहिल्याच वर्षी अशा एका फाईलमधून नागरी सुविधा केंद्राच्या इमारतीचा नकाशा आला. दर्शनी दारासमोर दोन पायऱ्या, प्रत्येकी 15 सेंटिमीटर. बाजूला पेन्सिलीनं ओढलेली तिरकी रेघ आणि तिच्यावर 'रॅम्प' असा शब्द. मी पट्टी लावली. रॅम्पचा हिशोब अगदी सोपा असतो: एक सेंटिमीटर चढायचं तर निदान बारा सेंटिमीटर लांबी हवी. म्हणजे या दोन पायऱ्यांसाठी 3.6 मीटर. रेघ होती जेमतेम दीड मीटरची. व्हीलचेअर स्वतःच्या हातांनी ढकलत नेणारा माणूस तिथे अर्ध्यात थांबणार, आणि थांबला की मागे घरंगळणार. कागदावर रॅम्प, जमिनीवर घसरगुंडी.

वास्तुविशारदाला फोन केला. माणूस वाईट नव्हता. "जागाच उरली नाही हो," तो म्हणाला. "मागच्या अंगाला एक दार आहे, तिथं सपाट आहे. त्यांना तिथून घेऊ." मागच्या अंगाला जनित्र होतं आणि कचऱ्याचे डबे. डब्यांपेक्षा मला तो 'त्यांना' जास्त टोचला. पहिल्या आठवड्यात विचारलं असतं तर दारासमोरचं आवारच हळूहळू चढवत आणता आलं असतं; पायरीही नको आणि रॅम्पही नको. तेव्हा खोडरबरानं भागलं असतं. आता त्याच रेघेसाठी नवा नकाशा, नवा अंदाज, नवी निविदा, आणि उद्घाटनाची तारीख तर ठरलेली. मी फाईलवर चार ओळींचा शेरा मारला आणि सही केली. अडवून धरायला हवी होती. केंद्र वेळेवर उघडलं. त्या डब्यांशेजारून आत जाणाऱ्या माणसांच्या वाटेवर माझीही सही आहे, हे मी विसरलेले नाही.

हुज्जत काही माझ्या एकटीच्या टेबलावर चालत नाही. अमेरिकेत अपंगत्वावरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा 1990 मध्ये झाला. त्यानंतरही कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहराचं न्यायालयात म्हणणं असं, की पदपथ ही काही शहराची 'सेवा' किंवा 'कार्यक्रम' नव्हे, सबब हा कायदा पदपथाला लागू होत नाही. खालच्या न्यायालयाला ते पटलंही. 2002 मध्ये अपील न्यायालयानं ते फिरवलं. पदपथ ही शहरानं नागरिकांना दिलेली गोष्ट आहे, एवढं कबूल व्हायला कायदा होऊनही बारा वर्षं गेली! पुढे तडजोड झाली ती अशी, की वाहतुकीच्या निधीतला 20 टक्के वाटा 30 वर्षांपर्यंत पदपथ सुगम करण्यावर खर्च करायचा. मला निकालापेक्षा त्या 20 टक्क्यांचं कौतुक जास्त. निकाल फ्रेम करून भिंतीवर लावता येतो. अंदाजपत्रकातलं शीर्ष मात्र दर वर्षी कुणाच्या तरी खिशातून काही तरी काढून घेतं, म्हणून ते खरं.

शब्द बदलायला काही पडत नाही, म्हणून शब्द आधी बदलतात. मी आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत आमच्या सगळ्या पत्रांतले जुने शब्द गेले, नवे सन्मानाचे शब्द आले, आणि पायऱ्या होत्या तिथेच राहिल्या. समता आणि समानता यांतला फरक समजावणारं ते एक चित्र आहे ना, कुंपणापलीकडचा सामना बघायला खोक्यांवर उभी राहिलेली तीन मुलं? प्रशिक्षणात मीही ते पुष्कळदा दाखवलं. माना डोलतात, फोटो काढले जातात. आता दाखवत नाही. त्या चित्रात खोकी फुकट येतात. खऱ्या कचेरीत प्रत्येक खोक्यावर कुणीतरी आधीच बसलेलं असतं आणि त्याला उठवायचं काम माझं असतं.

त्या सहा सेकंदांची गोष्ट इथेच सुरू होते.

एका सकाळी टपालात एक पत्र आलं, रेघांच्या कागदावर, सरळ आणि थोड्या थरथरत्या अक्षरात. एका चौकाबद्दल होतं. लिहिणाऱ्या बाईंचं म्हणणं, की हिरवा माणूस दिसताक्षणी त्या निघतात, तरी रस्त्याच्या मधेच असताना तो लाल होतो. मग दोन्हीकडून भोंगे. ते वाक्य माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे: 'माझंच चालणं मंद झालं आहे, हे मला मान्य आहे, पण काही करता आलं तर पाहावं.' म्हणजे तक्रार करायच्या आधी बाईंनी गुन्हा कबूल करून टाकला होता.

मी टेप आणि घड्याळ घेऊन गेले. रस्ता 14.4 मीटर रुंद. पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा 12 सेकंद. भागाकार केला तर सेकंदाला 1.2 मीटर. हा आकडा कुणी वाटेल तसा घातलेला नव्हता. सिग्नलचा हिशोब करताना अनेक देशांत वर्षानुवर्षं हाच वेग धरला जातो. तरणाताठा माणूस या वेगानं आरामात जातो. पण इंग्लंडमधल्या 65 वर्षांवरच्या लोकांचा चालण्याचा वेग मोजलेला एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पुरुषांची सरासरी सेकंदाला 0.9 मीटर निघाली आणि स्त्रियांची 0.8. बहुतांश वृद्ध माणसं 1.2 पर्यंत पोचतच नव्हती. अमेरिकेत वाहतूक चिन्हांच्या 2009 च्या नियमपुस्तिकेनं हा वेग सेकंदाला चार फुटांवरून साडेतीन फुटांवर आणला, म्हणजे सुमारे 1.07 मीटर. तोही त्या बाईंना जास्तच. 0.8 नं 14.4 मीटर जायला 18 सेकंद लागतात. दिवा 12 सेकंदांचा. बाईंचं चालणं आणि आमचा दिवा यांत सहा सेकंदांचं अंतर होतं, आणि दोष त्यांनी स्वतःकडे घेतला होता.

वाहतूक विभागातल्या अभियंत्याकडे गेले. सहा सेकंद मागायला गेलेली बाई म्हणून त्यांनी माझ्याकडे जरा गंमतीनं पाहिलं, मग कागद ओढला. "सिग्नलचं चक्र 90 सेकंदांचं. तासाला 40 चक्रं. चाळीस सक दोनशेचाळीस. म्हणजे मुख्य रस्त्याचा तासाला चार मिनिटं हिरवा दिवा तुम्ही मागताय. गर्दीच्या वेळी मागची रांग आधीच्या चौकापर्यंत जाईल. मग त्या चौकातले पादचारी तुमच्याकडे पत्र लिहितील." त्यांचं गणित चुकलेलं नव्हतं. या कामात समोरचा माणूस दुष्ट असता तर फार सोपं झालं असतं. तो बहुधा हिशोबी असतो, आणि त्याच्या हिशोबात एक माणूस धरलेला नसतो, एवढंच. मी विचारलं, "या चार मिनिटांची किंमत सध्या कोण देतंय?" ते म्हणाले, "बघतो." सरकारी 'बघतो'ला अनेक अर्थ असतात. हा कोणता, ते लगेच कळत नाही.

मधल्या काळात मी माझ्याच अंगानं एक घोळ घातला, तोही सांगायला हवा. विभागांना सोपं जावं म्हणून मी जनसुनावणीची एक तपासणी-यादी बनवली होती. सभागृह तळमजल्यावर आहे का, ध्वनिक्षेपक आहे का, खुणांच्या भाषेच्या दुभाषी बोलावल्या आहेत का, कागदपत्रं मोठ्या अक्षरात आहेत का. एका सुनावणीला स्वतः गेले. सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा. दुभाषी ताई व्यासपीठाच्या उजव्या कडेला उभ्या, समोर पहिल्या रांगेत सात-आठ कर्णबधिर नागरिक. सादरीकरण सुरू झालं आणि पडदा नीट दिसावा म्हणून कुणीतरी सभागृहातले दिवे मालवले. ताई अंधारात हातवारे करत राहिल्या. पाऊण तास. समोरचे लोक एकमेकांकडे, मग अंधाराकडे, मग मोबाईलकडे पाहू लागले. मला हे कळायला दहा मिनिटं लागली, कारण मला ऐकू येत होतं. शेवटी एका गृहस्थांनी उठून आपल्या मोबाईलचा दिवा ताईंच्या हातांवर धरला आणि कार्यक्रम संपेपर्यंत तसाच धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्या विभागाला पत्र पाठवलं, तर उत्तर आलं: आपल्या यादीतील सर्व बाबींची पूर्तता करण्यात आली होती. खरंच होतं ते. माझ्या यादीत 'दिवे' नव्हतं. यादीत एक ओळ वाढवता आली असती. मी यादीच मागे घेतली. आता सुनावणीच्या आदल्या दिवशी, ज्यांच्यासाठी सोय करायची त्यांच्यातलाच कुणीतरी, ठरलेलं मानधन घेऊन, सभागृहात जाऊन येतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार 13 डिसेंबर 2006 रोजी स्वीकारला गेला, त्यातही हे आहेच, की त्यांच्याविषयीचे निर्णय त्यांच्याशी सल्लामसलत करून घ्यायचे. मी तो कलम-क्रमांकासह भाषणात वापरत होते. अंधारात उभं राहिल्यावर तो मला समजला. मानधनाच्या बिलावर लेखा विभागानं पहिल्यांदा 'हे कशासाठी?' असा शेरा मारला होता. मी उत्तरात 'दिव्यांसाठी' असं लिहिलं आणि मग खोडून नीट लिहिलं.

तक्रारींचा एक नकाशा आमच्याकडे आहे. खड्डा, बंद दिवा, तुंबलेलं गटार, ज्याची तक्रार आली त्याचा एक लाल ठिपका. रस्ते विभाग ठिपके बघून माणसं पाठवतो; वरवर पाहता याहून न्याय्य काय असणार? पण ठिपके कुठे दाट आहेत ते बघत मी एक दुपार घालवली. जिथे लोकांना तक्रार कुठे करायची हे माहीत आहे, फोनवर ताटकळायला वेळ आहे, तक्रार केली तर काहीतरी होतं असा अनुभव आहे, तिथे ठिपके दाट. जिथले रस्ते मी पायी हिंडले आणि दोनदा पाय मुरगळता मुरगळता वाचला, तिथे नकाशा स्वच्छ. आमच्या कचेरीत त्या स्वच्छतेला समाधान समजत होते.

कुणाचं काम आधी आणि कुणाचं नंतर, हा क्रमाचा प्रश्न स्वीडनमधल्या कार्ल्सकोगा या छोट्या शहराला बर्फानं शिकवला. बर्फ काढायचा नेहमीचा क्रम असा: आधी मोठे रस्ते, मग लहान, शेवटी पदपथ आणि सायकलमार्ग. हा क्रम कुणी बायकांवर खार खाऊन लावलेला नव्हता. पण गाडीनं जाणाऱ्यांत पुरुष जास्त, आणि चालत, बसनं, मुलाला बाबागाडीतून नेणाऱ्यांत बायका जास्त; त्यामुळे कुणाचा सकाळचा रस्ता आधी मोकळा होतो, हे आपोआप ठरून गेलं होतं. त्यांनी क्रम उलटा केला. या गोष्टीचं पुढचं पान मात्र भाषणांत कुणी वाचत नाही. स्टॉकहोमनं याच विचारानं काम सुरू केलं आणि नोव्हेंबर 2016 मध्ये अतोनात बर्फ पडून शहर ठप्प झालं, तेव्हा खापर या धोरणावर फुटलं, यथेच्छ टिंगल झाली. चांगला विचार पुरेशा यंत्रांशिवाय आणि माणसांशिवाय रस्त्यावर आणला, की पहिल्याच वादळात तो विचारच बदनाम होतो. म्हणून घोषणेच्या आधी मी आता विचारते, यंत्रं किती आहेत?

व्हिएन्नाचं उदाहरण त्या मानानं शांत आहे. दहाएक वर्षांच्या पुढच्या मुली बागांतून दिसेनाशा होतात, हे तिथे नव्वदच्या दशकात अभ्यासून पाहिलं. 1999 मध्ये मार्गारेटेन भागातल्या दोन बागा त्या हिशोबानं बदलल्या: वाटा वाढवल्या, उजेड वाढवला, एकाच मोठ्या मैदानाऐवजी लहान लहान जागा केल्या, जेणेकरून एकाच टोळक्यानं सगळं बळकावू नये. मुली परत आल्या. मुलींना 'या' म्हणून सांगायला कुणी गेलं नव्हतं.

मानवी हक्क म्हटलं की अजून लोकांच्या डोळ्यांसमोर तुरुंग आणि युद्धच येतं. एका बैठकीत एका वरिष्ठांनी विचारलंच, "गटारं आणि मानवी हक्क, जरा ओढून ताणून नाही होत?" मी त्यांना सॅन फ्रान्सिस्कोचं सांगितलं. स्त्रियांवरचा भेदभाव संपवण्याचा आंतरराष्ट्रीय करार अमेरिकेनं 1980 मध्ये सही करूनही कधी अनुसमर्थित केला नाही, म्हणजे त्याला अंतिम मंजुरी दिलीच नाही. तर त्या शहरानं 1998 मध्ये तो आपला स्थानिक कायदा म्हणून उचलला आणि विभागांना आपापलं काम त्या चष्म्यातून तपासायला लावलं. देश थांबला म्हणून शहरानं थांबायला हवंच असं नाही. वरिष्ठ म्हणाले, "पण आपल्याला तितका वेळ आहे का?" तो प्रश्न मात्र रास्त होता.

या पदाचा सगळ्यात अवघड भाग फाईलींचा नाही. माणूस दार लोटून आत येतो, बाहेर कुणी ऐकत नाही ना हे बघतो आणि सांगू लागतो, की आमच्याच एका विभागात त्याला कसं वागवलं गेलं. मी टिपून घेते. लिहिता लिहिता माझ्या मनात दोन हिशोब चालू असतात. एक त्याचा. दुसरा विधी विभागाचा: असं लिहिलं तर कबुली होईल का, माफी मागितली तर दावा पक्का होईल का. माझा पगार ज्या तिजोरीतून येतो तिच्याचविरुद्ध ही तक्रार असते. एकदा एका बाईंनी सरळ विचारलं, "तुम्ही माझ्या की त्यांच्या?" मी नियमातलं उत्तर दिलं, की मी निष्पक्ष आहे. त्यांनी पिशवी उचलली. चूक त्यांची नव्हती. मॉन्ट्रियलमध्ये नागरिकांच्या हक्कांची आणि जबाबदाऱ्यांची सनद 2006 पासून लागू आहे, शहरावर आणि कर्मचाऱ्यांवर बंधनकारक, आणि तिच्या उल्लंघनाची तक्रार ऐकायला वेगळा लोकपाल आहे. काम करून घेणारा एक आणि तक्रार तोलणारा दुसरा. असे दोन दरवाजे हवेत, असा प्रस्ताव मी दोनदा दिला आहे. तो विचाराधीन आहे. तोवर येणाऱ्याला मी खुर्ची द्यायच्या आधीच सांगते, की मी कोणाची नोकर आहे. काही जण तरीही बसतात.

अभियंत्यांचा 'बघतो' पाच महिन्यांनी फोनवर आला. "प्रायोगिक तत्त्वावर चार सेकंद देतोय. तीन महिने. रांग वाढली तर परत घेईन." सहा मागितले, चार मिळाले. मी आभार मानले आणि त्यांनाही चौकात बोलावलं. ते म्हणाले, त्यांच्या पडद्यावर सगळं दिसतं.

मी एकटीच गेले. पत्र लिहिणाऱ्या बाई कोण ते मला माहीत नाही, पत्ता त्यांनी दिला नव्हता. त्या दिवशी तिथून गेल्या असतील तर मला कळलंही नसेल. घड्याळ हातात धरून कडेला उभी राहिले. पहिल्या फेरीला शाळेची मुलं, सात सेकंदांत पार. दुसऱ्या फेरीला कुणीच नाही. तिसऱ्या फेरीला एक आजोबा. डाव्या हातात काठी, उजव्या हातात भाजीची असावी अशी जड पिशवी. हिरवा माणूस दिसताच निघाले. सहा, सात, आठ. मधल्या पट्ट्याशी त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि काठी बदलली. बारा. पूर्वी इथे लाल झाला असता. तेरा, चौदा. काठी, पाय, पाय. सोळाला दिवा बदलला तेव्हा पलीकडचा पदपथ त्यांच्यापासून दीड-पावणेदोन मीटरवर होता. पुढची दुचाकी गुरगुरली, भोंगा वाजला. आजोबांनी तिकडे पाहिलं नाही. काठी आधी वर ठेवली, मग पिशवी, मग स्वतः.

अभियंत्यांना फोन लावला.

"किती कमी पडतात?" त्यांनी विचारलं.

"दोन."

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. "चाळीस दुणे ऐंशी," ते स्वतःशीच म्हणाले. "उद्या किती वाजता असता तुम्ही तिथं?"